ओली पत्ती

पोपट गेजगेचा पुढचा दात पडला तो देवीच्या पालखीसमोर, सनईच्या ऐन तानेत. सनईच्या तोंडच्या पत्तीला चिकटून बाहेर आला आणि दगडी फरशीवर टणटणत भोयांच्या पायांत गेला. सूर फाटला. लोक खदखदून हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते देवस्थान कमिटीचे अध्यक्ष तानाजीराव शिंत्रे.

"पोपट्या, देवीला दात वाहिलास व्हय रं? निदान नारळ तरी आणायचास!"

पोपटचं वय तेव्हा छप्पन्न. हिवरदऱ्यात त्याला पोपटराव म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. त्यानं रक्त गिळलं, ओठ आवळले आणि पालखी देवळात जाईस्तोवर वाजवत राहिला. संबळ वाजवणारा त्याचा मेव्हणा बिरा जावीर मागून पुटपुटला, "दाजी, आता लवकर आटपा. न्हायतर बत्तिशी हितंच मांडून जावं लागंल."

हिरडीचा रोग दुखत नाही, हीच त्याची हरामखोरी. आधी ब्रशला रक्त लागतं. माणूस थुंकतो आणि कामाला जातो. मग हिरडी सुजते, दातापासून सुटते, त्या फटीत जंतू घर करतात आणि खालचं हाड विरघळायला लागतं. कळतं तेव्हा दात हलत असतो. आपल्याकडं दर दुसऱ्या माणसाच्या हिरडीतून रक्त येतं आणि त्याला कुणी रोग म्हणत नाही. पोपटच्या तोंडात तर चाळीस वर्षांची तंबाखू होती. तीन वर्षांत उरलेलेही गेले.

सनईवाल्याचे दात गेले की सनई गेली. ओठ दातांवर दुमडून पत्ती धरायची असते. मागं आधार नसला तर ओठ आत जातात आणि नुसती हवा फुसफुसते. पोपटच्या घरात सात पिढ्या सनई होती. आता पोपट ओट्यावर बसून भाकरी कालवणात कुस्करून खायचा.

मिरजेला एका दवाखान्यात एका कंपनीचं शिबिर लागलं तेव्हा त्याला घेऊन गेली ती त्याची पोरगी, प्रणोती. आई गेल्यापासून घर तीच चालवायची. तालुक्याच्या माळावर मैलभर पसरलेल्या सौरपट्ट्यांवर ती पॅनल धुणारी यंत्रं हाकायची. शिबिरात 'लोककलावंतांना मोफत दात' होते. मोफत का, हे कुणी विचारलं नाही. कंपनीला प्रयोगासाठी तोंडं हवी होती, आणि कलावंताचं तोंड फोटोत बरं दिसतं.

वरच्या जबड्यात चार स्क्रू, खालच्यात चार, त्यावर पक्की बसवलेली बत्तिशी. वर्षभर झकास चाललं. मग खालच्या दोन स्क्रूंभोवती पू झाला.

दवाखान्यातल्या डॉक्टर अश्विनी मगदूम सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी प्रणोतीला पडद्यावर जबडा दाखवला.

"बाजेला सुंभ असतो ना? खरा दात हाडात तसा असतो, बारीक दोऱ्यांवर टांगलेला. चावलं की दबतो, परत वर येतो. भातातला खडा लगेच कळतो तो त्या दोऱ्यांमुळं. स्क्रूला दोऱ्याच नाहीत. तो भिंतीतल्या खुंटीसारखा थेट हाडात. म्हणून हिरडी बिघडली की अडवायला मध्ये कुणी नसतं. पू सरळ हाडात उतरतो."

"म्हणजे काढायचे स्क्रू?"

"काढायचे, नाहीतर राखण लावायची."

राखण हा कंपनीनं घडवलेला जंतू. मूळचा तोंडातलाच, गरीब. प्रयोगशाळेत त्याला दोन कामं शिकवली होती. हाड खाणारे जंतू दिसले की मारायचे, आणि जिथं हिरडीतून रक्त येतं तिथं हाडाला निरोप द्यायचा: वाढ. माणसं औषधांच्या गोळ्या खातातच, त्यात तो मरू नये म्हणून त्याला चिवटही करून ठेवला होता.

पोपटनं पडद्यावरचा जबडा निरखला. मग म्हणाला, "राखणदार ठेवला खरा. पर थांब कुणी म्हणायचं त्याला?"

"तुमचा स्क्रू म्हणेल," डॉक्टर म्हणाल्या. "स्क्रूवर एक लेप देऊ, तो झिरपत राहील. तो लागला की राखण निरोप देणं थांबवते. लेप दरवर्षी नव्यानं द्यावा लागेल. मरेपर्यंत."

पोपटनं मान हलवली. दीड महिन्यात पू आटला. हाड असं भरून आलं की डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावून ते दाखवलं. आणि पुढच्या यात्रेला पोपट गेजगेनं देवळाच्या पायरीवर अशी सनई वाजवली की हसणारी तोंडं बंद झाली. तानाजीरावही हसले नाहीत. त्यांचे स्वतःचे किडके दात मध्यंतरी पुण्याला जाऊन आल्यावर एकदम पांढरेशुभ्र झाले होते. त्याबद्दल गावात कुणी ब्र काढला नव्हता. मोठ्या माणसाच्या दातांची चौकशी करायची नसते.

त्याच यात्रेच्या शेवटी पोपटनं पोरीला पत्ती दिली.

त्यांच्यात पत्ती द्यायची एक रीत आहे. उस्ताद यात्राभर एकच पत्ती वाजवतो. शेवटच्या दिवशी ती सनईतून काढतो आणि ओलीच्या ओली शागिर्दाच्या ओठांत ठेवतो. शागिर्दानं ती पुसायची नाही, धुवायची नाही. वर्षभर रियाज त्याच पत्तीवर, आणि रोज आधी उस्तादानं तोंडात घेऊन भिजवून द्यायची. गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या सनईवर पाणी शिंपडून मग ती देवळात येऊ दिली, ज्यांच्या तोंडाला तोंड लागलेलं काही चाललं नाही, त्या घरात ही उष्टी पत्ती म्हणजे देव्हारा होता.

पोरीला पत्ती द्यायची नसते, असं बिरा म्हणाला. "भाची हाय माझी, पर बाईमाणसानं फुंकायचं म्हंजी..."

"म्हंजी काय? हवा बाटती?" प्रणोतीनं विचारलं.

"तसं न्हाय गं बाय."

"मामा, तुझ्या संबळला बी बाईच्या हातचीच भाकरी लागती."

 पोपटनं पत्ती काढली, तिच्या ओठांत ठेवली आणि म्हणाला, "पुसायची न्हाय." एवढंच. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

प्रणोतीच्या हिरडीतून रक्त यायचं, तिच्या वयाच्या निम्म्या पोरींच्या येतं तसं. महिना-दोन महिन्यांत ते थांबलं. तिला बरं वाटलं. सनईनं हिरड्या घट्ट केल्या, असं ती बिरामामाला सांगायची. मग एक दिवस भात खाताना कडक आवाज आला. तोंडात खडा होता आणि तिला तो कळलाच नव्हता. दाढेचा टवका उडाला तेव्हा कळलं.

डॉक्टर मगदूमनी आरशाच्या दांड्यानं तिच्या दातावर हलकेच टकटक केलं. पुढचा खालचा दात म्हणाला, ठक. बाजूचा, ठक. सुळ्याच्या मागचा म्हणाला, टिंग.

खुर्चीमागं उभा असलेला पोपट दचकला. "पुन्यांदा वाजवा."

टिंग.

"ह्यो माझा सूर हाय," तो म्हणाला. त्यानं नखानं स्वतःच्या बत्तिशीवर टिचकी मारली. टिंग. तोच.

डॉक्टरांनी एकेक दात वाजवत नेला. दाढा सगळ्या टिंग. वरचे बरेचसे टिंग. खालचे पुढचे चार फक्त ठक. मग त्यांनी दांडा खाली ठेवला आणि हातमोजे काढले. 

"तुझ्या तात्यांना राखण लावली होती," त्या म्हणाल्या. "तुम्हा दोघांचं उष्टं कुठं येतं एकमेकांच्या तोंडात?"

प्रणोतीनं पिशवीतून पत्ती काढून ट्रेवर ठेवली.

सांगायला पाच मिनिटं लागली. पोपटच्या तोंडात आठ स्क्रू होते, 'बास' म्हणायला आठ तोंडं. प्रणोतीच्या तोंडात एकही नाही. राखण तिथं पोचली, तिला रक्त दिसलं, तिनं शिकवलेलं काम केलं. हाड वाढलं, दोऱ्यांच्या जागी शिरलं, दात जबड्याला सांधून टाकले. बाजेचा सुंभ काढून तिथं दगड भरला. रक्त थांबलं तरी थांब म्हणायला तिथं कुणी नाही, म्हणून अजून भरतंय. वर्षभरात उरलेले चार जातील. मग हाड हिरडीतून वर येईल, मग जबड्याच्या सांध्याकडं जाईल. आणि ज्यांनी राखणीला चिवट केलं त्यांच्याकडंसुद्धा तिला मारायचं औषध नाही.

"उपाय?"

"तात्यांसारखंच. वर चार, खाली चार. निरोगी दात काढून स्क्रू घालायचे. लेप झिरपेल, वाढ थांबेल."

"आणि सनई?"

डॉक्टर खिडकीकडं बघत म्हणाल्या, "तात्या वाजवतात ते आठवणीवर. चाळीस वर्षं त्यांच्या दातांना पत्ती कळत होती. किती दाबायची, कुठं सोडायची. तुला ती कळायला लागली कधी? सहा महिने? स्क्रूला काही कळत नाही, प्रणोती."

म्हणजे दात ठेवले तर जातील, काढले तरी जातील. पत्ती दोन्हीकडून हातची गेली. पोपट भिंतीला टेकून खाली बसला. दवाखान्याच्या फरशीवर, चपला काढून, देवळात बसावं तसा.

कंपनीचा माणूस चार दिवसांत आला. हर्षल नावाचा, गोड बोलणारा. त्याच्या मते हा 'उत्पादनाचा अपेक्षेबाहेरचा वापर' होता. "आम्ही नवरा-बायकोंच्या जोड्यांवर पूर्ण तपासणी केली होती, मॅडम. प्रसार जवळपास शून्य. एकच वस्तू तासन्‌तास दोन तोंडांत... असं कुणी करत असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही."

"तुमच्या जोड्या कुठल्या होत्या?" प्रणोतीनं विचारलं.

"पुणे, बंगळूर."

"वेगळ्या ताटात जेवणाऱ्या, वेगळ्या पेल्यानं पिणाऱ्या. हिरड्या धड असणाऱ्या."

"तसं म्हणता येईल."

"आणि दात फुकट आम्हाला."

हर्षल हसला.  जाताना म्हणाला, शस्त्रक्रिया मोफत, लेपही तहहयात मोफत. मग त्यानं एक गोष्ट केली जी त्याच्या दृष्टीनं जबाबदारीची होती. कंपनीकडून हिवरदऱ्याच्या प्रत्येक मोबाईलवर इशारा पाठवला. गेजगे कुटुंब राखण-वाहक. त्यांचं उष्टं टाळा, भांडी वेगळी ठेवा, तोंडाजवळचा संपर्क टाळा.

गावाला हे नव्यानं शिकवायची गरज नव्हती. आजे-पणजे जे करत होते आणि नातवंडं लाजेकाजेनं जे लपवत होती, ते आता विज्ञानाच्या शिक्क्यानिशी परत आलं. हॉटेलात गेजग्यांसाठी कागदी कप आला, बाकीच्यांना काचेचा ग्लास. सौरपट्ट्यांवरच्या पाण्याच्या पिंपाला प्रणोतीनं हात लावायचा नाही, दुसऱ्यानं वरून ओतायचं. देवळात पहाटे स्पीकरवर सनई लागली. बिराच्या तोंडात तर राखण नव्हतीही, पण बिराचं आडनाव विचारायच्या आधीच लोकांनी कप बदलला.

"माझा आज्जा सांगायचा," बिरा म्हणाला, "त्येला करवंटीत च्या मिळायचा. आपली प्रगती हाय बघ. कागदाचा कप, त्यावर फूल बी छापल्यालं."

पोपट हसला नाही. त्यानं दवाखान्यातल्या त्या दिवसापासून प्रणोतीसमोर सनई हातात घेतली नव्हती. एकदा तिनंच ती त्याच्या मांडीवर आणून ठेवली.

"तात्या, वाजवा."

"मीच माझ्या तोंडानं तुझं तोंड जाळलं, बाय."

"तुम्ही पत्ती दिली. जंतू त्यांनी दिला. ह्यात गल्लत करू नका. तेवढीच गल्लत त्यांना पाहिजे."

मिरजेची तारीख सोमवारची ठरली. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, तानाजीरावांच्या मुलीचं लग्न होतं. ऋतुजाचं. तानाजीरावांच्या म्हाताऱ्या आईनं, आक्कानं, स्पीकरवरची सनई ऐकली आणि सांगून टाकलं, "डब्यातल्या सनईवर माझी नात बोहल्यावर चढायची न्हाय. मयताला बी जिवंत माणूस वाजवतो."

म्हणून तानाजीराव स्वतः दारात आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, तोंडावर रुमाल धरून.

"वाजवायला या. लांबनं वाजवा. सोय केलीय."

प्रणोती म्हणाली, "येतो. पण मी पण वाजवणार."

"तू?" रुमालामागं ते हसले. "बरं, वाजीव. कुणाला दिसतंय."

सोय म्हणजे मंडपाच्या कडेला, द्राक्षबागेवर टाकतात त्या प्लास्टिकची बंद खोली. आत तिघं: पोपट, प्रणोती, संबळ घेऊन बिरा. बाहेरून कुणी पाहिलं तर काचेच्या पेटीतली जनावरं वाटावीत. आत उकडत होतं.

पण त्यांनी वाजवलं. प्रणोतीच्या खालच्या चार दातांत अजून जीव होता. पत्ती त्यांच्यावर टेकली की तिला तिचं बारीकसं थरथरणं कळत होतं, बोटानं नाडी कळावी तसं. पोपट सूर धरून राहिला आणि ती एकटी पुढं गेली. अक्षता पडेपर्यंत मंडपात कुणी बोललं नाही. आंधळ्यासारखी मान हलवत म्हातारी आक्का तेवढी पुटपुटत राहिली, "ह्याला म्हणत्यात सनई."

मग पंगत बसली. तानाजीराव मधोमध, शेजारी ऋतुजा. लहानपणापासून ती बापाच्याच ताटात जेवायची आणि ते याचा जाहीर अभिमान सांगायचे. आजही त्यांनी आधी स्वतः एक घास घेतला, उरलेला लेकीला भरवला. मग जावयाला. आपल्या पेल्यातला मठ्ठा अर्धा पिऊन त्यांनी तो कमिटीच्या सेक्रेटरीकडं सरकवला. सेक्रेटरी धन्य झाला. गावात ही रीत जुनी होती. तानाजीरावांना गाव सरकार म्हणायचं, आणि सरकारांच्या कपातला उरलेला चहा मिळणं म्हणजे मान. त्या अर्ध्या कपासाठी माणसं वर्ष वर्ष त्यांच्या मागं फिरत.

सेक्रेटरीनं पेला तोंडाला लावला. स्टीलची कड दाताला लागली.

टिंग.

पोपटची सनई थांबली.

ऋतुजानं पाण्याचा पेला उचलला. टिंग. पलीकडं तिचा चुलता. टिंग. दोन माणसं सोडून ग्रामपंचायतीचा सदस्य. टिंग. एका सुरात, एकाच उंचीवर. पंगतीच्या गलक्यातही वाजवणाऱ्याच्या कानाला ते लागत होतं, जसा पानातला केस लागतो. पंगत जेवत होती, हसत होती, पेले वर जात होते आणि टिंग, टिंग, पार मंडपाच्या दुसऱ्या टोकापर्यंत.

"दाजी," बिरा हळूच म्हणाला, "ह्यांनी तर आपल्या आधी सूर लावून ठेवलाय."

प्रणोतीनं प्लास्टिक बाजूला सारलं आणि बाहेर आली. पंगतीतून चालत थेट तानाजीरावांसमोर. दोन-तीन माणसं ओरडली, "मागं हो! ए, मागं हो!"

"सरकार," ती म्हणाली, "पुण्यात स्क्रूभोवती पू झाला होता ना तुमच्या? मग राखण लावली. बरोबर?"

तानाजीरावांचं तोंड उघडं राहिलं. पांढरेशुभ्र दात.

"तुमच्या नावाचा इशारा कुणाच्या मोबाईलवर नाही आला. मोठ्या माणसांच्या तोंडाचा इशारा येत नसतो. ऋतुजाताई, तुम्हाला भातातला खडा कळतो का अजून?"

ऋतुजानं बापाकडं बघितलं. मग चमचा उचलून स्वतःच्या दातावर वाजवला, एकदा, दुसऱ्यांदा. तिच्या डोळ्यांत जे आलं ते प्रणोतीला ओळखीचं होतं. तिनं दवाखान्याच्या आरशात तेच पाहिलं होतं.

"खोटं बोलतीय ती," सेक्रेटरी म्हणाला. पण त्याचं बोट स्वतःच्या दाढेवर होतं. पंगतीत आता कुणी जेवत नव्हतं. माणसं चमच्यांनी, नखांनी, बांगड्यांनी आपापले दात वाजवून बघत होती. आधी एकेकटी, मग सगळी मिळून. देवळात आरतीला टाळ वाजावेत तसा मंडप वाजायला लागला. आक्का म्हातारी तेवढी बोळक्यानं विचारत होती, "काय झालं? कशाचा आवाज ह्यो?"

तिच्या तोंडात एकही दात नव्हता. सगळ्या मंडपात तीच सुखरूप होती.

सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हळदीच्या अंगानं, हिरव्या चुड्यानं ऋतुजा बाकावर बसली होती. शेजारी नवरा, त्याच्या शेजारी सेक्रेटरी. तानाजीराव कोपऱ्यात फोनवर कुणाला तरी ओरडत होते आणि फोनच्या पलीकडं कुणीतरी, बहुतेक हर्षल, गोड बोलत होता. शस्त्रक्रिया कंपनी करणार होती. लेप कंपनी देणार होती. दरवर्षी, प्रत्येक तोंडाला, मरेपर्यंत. मोफत हा शब्द मात्र आज कुणी उच्चारत नव्हतं.

प्रणोती आली तेव्हा ऋतुजा सरकली आणि तिनं बाकावर जागा केली. दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. हे व्हायला सात पिढ्या आणि एक रोग लागला. त्याचा आनंद मानावा असं प्रणोतीला वाटलं नाही.

पोपट तिच्यासमोर उभा होता. तिनं पिशवीतून पत्ती काढली. ओठ दातांवर दुमडून धरली, वाजवली नाही, नुसती दाबली. काल चार दातांना कळली होती. आज दोनच सांगत होते. पण सांगत होते. तिनं डोळे मिटले आणि ते दोन्ही दात ऐकत राहिली, आतून नाव पुकारेपर्यंत.

"प्रणोती गेजगे."

ती उठली. पत्ती तोंडातून काढली. ओली होती. पोपटनं सवयीनं हात पुढं केला, ओलीच घ्यायला.

प्रणोतीनं ओढणीचं टोक धरलं आणि पत्ती दोन्ही बाजूंनी नीट कोरडी पुसली. मग त्याच्या तळहातावर ठेवली आणि आत गेली.